रविवारी पोलीस ठाण्यात जायचं आहे
सर्व सभासदांना नमस्कार,

मंगळवारी उलट्या दिशेने आलेल्या दुचाकीने गेटसमोरच बी विंगच्या आजींना उडवलं. मनगट मोडलं, दुधाची पिशवी रस्त्यावर फुटली. तो थांबलासुद्धा नाही. तक्रार द्यायला गेलेल्या नातवाला 'आमची हद्द नाही' म्हणून परत पाठवलं. संताप येतो!

येत्या रविवारी सकाळी १० वाजता गेटपाशी जमा. एकत्र जाऊ.

• हद्दीची सबब चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३, कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) खबर कुठल्याही ठाण्याने नोंदवायची असते. एफआयआरची प्रतही मोफत मिळते.
• अपघात पाहिलेल्यांनी यावंच. फुटेज मी आणतो.

आणि वळसा वाचवायला आपल्यातलेही काही उलटे येतात. ते आजपासून बंद.

– सचिव