लेखातूनही ती बाई सुटलीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सत्तरच्या दशकातल्या इटालियन सूडपटांवरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. आल्दो लादो यांच्या १९७५ च्या ‘लुल्तिमो त्रेनो देल्ला नोत्ते’ची, म्हणजे ‘रात्रीच्या शेवटच्या गाडी’ची, त्यात एका वाक्यात बोळवण केली आहे: वेस क्रेवन यांच्या ‘द लास्ट हाउस ऑन द लेफ्ट’ची नक्कल. नक्कल आहे, हे मलाही मान्य आहे. पण क्रेवन यांनी तरी १९७२ मध्ये ही कथा कुठून घेतली? बर्गमन यांच्या १९६० च्या ‘द व्हर्जिन स्प्रिंग’मधून, आणि बर्गमन यांनी जुन्या स्वीडिश लोकगीतातून. लादो यांनी या कथेत नवीन काय घातलं, ते लेखकाने पाहायला हवं होतं.

त्यांनी एक बाई घातली. माशा मेरिल यांनी ती भूमिका केली आहे. उंची कपडे, टोपीला जाळी, बोलणं सुसंस्कृत. नाताळच्या सुट्टीत म्युनिकहून इटलीला निघालेल्या दोन मुलींचा जीव जातो, तो गाडीतल्या दोन गुंडांमुळे असं वरवर दिसतं. पण त्यांना चेतवते ही बाई. ते कचरतात तिथे ती त्यांना पुढे रेटते. डब्याबाहेरून एक प्रतिष्ठित दिसणारा प्रवासी हे सगळं पाहतो आणि साखळी ओढायची सोडून स्वतःच सामील होतो. शेवटी मुलीचा सर्जन बाप सूड घेतो, पण त्या दोन गुंडांवरच. बाई टोपीची जाळी चेहऱ्यावर ओढून घेते. तिला कोणी काही करत नाही. सूडपट संपताना ‘बरी अद्दल घडली’ असं वाटतं ना, ते इथे वाटतच नाही. मला दोन दिवस त्या जाळीमागचा चेहरा दिसत होता.

हा शेवट त्या काळच्या इटलीतून आला आहे. ऑगस्ट १९७४ मध्ये रोमहून म्युनिकला जाणाऱ्या ‘इटालिकस’ एक्सप्रेसमध्ये बॉम्बस्फोट होऊन १२ माणसं गेली होती. चित्रपट आल्यानंतर त्याच वर्षी सप्टेंबरअखेरीस रोमच्या दक्षिणेला सिर्चेओ इथे सुखवस्तू घरातल्या तरुणांनी दोन मुलींवर अनन्वित अत्याचार केले. एकीचा जीव गेला. दुसरी मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिली, म्हणून वाचली. बलात्कार हा व्यक्तीविरुद्धचा गुन्हा आहे, हे इटलीच्या कायद्यात यायला १९९६ साल उजाडलं; तोवर तो सार्वजनिक नीतिमत्तेविरुद्धचा गुन्हा होता. पैसेवाले सुटतात हे लादो यांना कल्पनेने रचावं लागलं नसणार.

चित्रपटाची पाठराखण मी सरसकट करत नाही. अत्याचाराची दृश्यं नको तितकी लांबवली आहेत. एन्नियो मोरिकोने यांच्या संगीतातला तो माउथ ऑर्गन कानावर पडला की पोटात गोळा येतो, आणि मला मध्येच चित्रपट थांबवून उठावं लागलं. ब्रिटनच्या सेन्सॉरने १९७६ मध्ये प्रमाणपत्र नाकारलं, त्याचं मला नवल वाटत नाही. पण भडक आहे म्हणून तो पोकळ आहे, हे मला पटत नाही.

लेखात त्या बाईचा उल्लेखसुद्धा नाही. लेखाचा उत्तरार्ध पुढच्या रविवारी येणार असल्याचं आपण छापलं आहे. त्यात तिच्यासाठी चार ओळींची जागा काढावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, डोंबिवली