खुल्या व्यायामशाळांना आता बॅच द्या

महोदय,

ठाणे शहरात व्यायामाच्या साधनांची आता वानवा राहिलेली नाही. तलावांच्या काठाने चालण्याचे मार्ग आहेत, उद्यानांत खुल्या व्यायामशाळा आहेत, घोडबंदर रस्त्यावरच्या मोठ्या गृहसंकुलांच्या क्लबहाऊसमध्ये सुसज्ज जिम आहेत आणि नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर या भागांत तर दोन चौक ओलांडले की एखादी खासगी व्यायामशाळा दिसतेच. तरीही यातली बरीचशी साधने दिवसाचा मोठा भाग रिकामी असतात आणि जी वापरात असतात तिथेही जो तो कानात हेडफोन घालून एकेकटा आपले उरकत असतो. महापालिकेने, क्रीडा मंडळांनी आणि गृहसंकुलांच्या समित्यांनी यापुढे यंत्रांवर खर्च करण्याआधी वजनी व्यायामाच्या, ठरलेल्या वेळेच्या लहान बॅच सुरू कराव्यात, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांना दोन गोष्टी सांगितल्या आहेत. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा, श्वास वाढवणारा व्यायाम ही पहिली, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंना ताकद देणारा व्यायाम ही दुसरी. पासष्टीनंतर तर तोल आणि ताकद या दोन्हींसाठी आठवड्यातून तीन दिवस द्यावेत, असे म्हटले आहे. यातली पहिली गोष्ट ठाणेकरांना पाठ आहे. कचराळी तलावाभोवती पहाटे फेऱ्या मारणाऱ्यांची गर्दी पाहिली की त्याविषयी शंका उरत नाही. दुसरी मात्र ‘तरुण पोरांची हौस’ म्हणून सोडून दिली जाते. वास्तविक तिशीनंतर दर दशकात स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात आणि साठीनंतर या घटीचा वेग वाढतो, त्यामुळे वजन उचलण्याची खरी गरज आमच्या वयाच्या लोकांना अधिक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचे दिसून आले. काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनच्या मदतीवाचूनही ओढून घेऊ शकतो, ही एकच बाब लक्षात घेतली तरी हा विषय केवळ दंडाच्या बेटकुळ्यांचा नाही हे पटावे.

उद्यानांतल्या खुल्या व्यायामशाळांविषयी माझी तक्रार नाही. सांध्यांना हालचाल मिळते, चार माणसे घराबाहेर पडतात. परंतु तिथली बहुतेक यंत्रे आपल्याच शरीराच्या वजनावर चालतात आणि त्यांच्यावरचा भार वाढवण्याची सोय नसते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्कराच्या रुग्णालयात जखमी सैनिकांवर उपचार करताना थॉमस डिलॉर्म या डॉक्टरांनी वजन टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याची पद्धत रूढ केली आणि ताकदीच्या व्यायामाचा पाया आजही तोच आहे. जिथे भार वाढत नाही तिथे सुरुवातीच्या काही आठवड्यांनंतर ताकदही वाढत नाही. म्हणून अशी आणखी यंत्रे बसवून फारसे काही साधणार नाही. एक रॉड, त्यावर चढवायच्या वजनी प्लेट्सचा संच, डंबेल्स, स्क्वॉटसाठी (खांद्यावर रॉड घेऊन मारायच्या बैठकांसाठी) एक मजबूत स्टँड आणि एक बाक एवढ्या सामग्रीत आठ माणसांचा तासाभराचा व्यायाम होतो, मात्र ती आठ माणसे एकाच वेळी आली पाहिजेत आणि त्यांना शिकवणारे कोणीतरी तिथे हजर पाहिजे.

सोबतीचे महत्त्व सांगताना आपण सहसा उत्साह, मैत्री असे शब्द वापरतो. वजनी व्यायामात सोबत त्याहून बरेच ठोस काम करते. एका रॉडवर तिघे असले की एकाचा सेट, म्हणजे सलग आवर्तनांची एक फेरी, होईपर्यंत उरलेल्या दोघांना आवश्यक ती दोन-तीन मिनिटांची विश्रांती आपोआप मिळते. एकटा माणूस हाच वेळ मोबाइलमध्ये घालवतो, नाहीतर घाईने पुढचा सेट मारून पाठ दुखवून घेतो. स्क्वॉट करताना कंबर गोल होत आहे किंवा गुडघे आत वळत आहेत, हे करणाऱ्याला दिसत नाही, शेजारी उभ्या असलेल्याला दिसते. बाकावर उताणे झोपून रॉड वर ढकलण्याच्या, म्हणजे बेंच प्रेसच्या, शेवटच्या आवर्तनात रॉड छातीवर अडकला तर तो उचलून घ्यायला दोन हात लागतात, आणि ‘सपोर्ट आहे’ हे ठाऊक असलेला माणूसच ते शेवटचे आवर्तन करायला धजावतो. मागच्या आठवड्यात कोणी किती उचलले हे वहीत लिहिलेले असते आणि सगळ्यांच्या लक्षातही असते. जो दोन दिवस आला नाही त्याला फोन जातो. सकाळच्या ठरावीक लोकलच्या डब्यात ज्यांचे ग्रुप जमलेले आहेत त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही, कारण तिथेही एखादा माणूस दिसला नाही तर मुलुंड येईपर्यंत त्याची चौकशी सुरू झालेली असते.

यामागे अभ्यासही आहे. ओटो कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात बर्लिनच्या एका नौकाविहार मंडळातील सदस्यांना आधी एकट्याने आणि नंतर जोडीने वजन उचलायला लावले. जोडीतल्या एकाने हात टेकले की दोघांचेही काम थांबणार होते. अशा जोडीतला दुबळा सदस्य एकट्याने केले होते त्यापेक्षा अधिक वेळ टिकून राहिला, आणि हा परिणाम दोघांच्या ताकदीत मध्यम अंतर असताना सर्वाधिक दिसला. अंतर फार असेल तर दुबळा आधीच हार मानतो. बॅच पाडताना हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे; पंचविशीतला पैलवान आणि नुकतीच सुरुवात केलेले साठीचे काका यांना एका रॉडवर उभे करून सौहार्द वाढत नाही.

महिलांच्या बाबतीत तर बॅच असणे आणि नसणे यावरच सारे अवलंबून असते. संध्याकाळच्या गर्दीत रॉड आणि प्लेट्सच्या कोपऱ्यात मध्यमवयीन बाई एकटी सहसा जात नाही. ती ट्रेडमिलवर चालते आणि घरी येते. तीच बाई आणखी चौघींबरोबर आली की तो कोपरा त्यांचा होतो. मी स्वतः जाते त्या दुपारच्या बॅचमध्ये गृहिणी आहेत, बँकेत काम केलेल्या आहेत, एक निवृत्त शिक्षिका आहेत. शिकवणारा मुलगा आम्हा सर्वांना काकू म्हणतो, मात्र रॉडवर प्लेट चढवताना वयाची सवलत देत नाही, आणि ते योग्यच आहे. ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनी रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होऊ लागलेल्या शंभर महिलांचा अभ्यास केला. त्यातल्या व्यायाम करणाऱ्या गटाला आठ महिने, आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्धा तास, लहान गटांत आणि जाणकाराच्या देखरेखीखाली डेडलिफ्ट (जमिनीवरचा रॉड उचलून उभे राहणे), स्क्वॉट आणि डोक्यावर वजन उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. वजनही नाममात्र नव्हते, एका वेळी जास्तीत जास्त जेवढे उचलता येईल त्याच्या ८५ टक्क्यांहून अधिक होते. त्या महिलांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली, तर घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटली. ‘या वयात जड उचलू नका’ असे सरसकट सांगणाऱ्या हितचिंतकांनी हे आकडे जरूर पाहावेत.

गटाला दुसरी बाजूही आहे. चाळीस जणांना दणदणीत संगीतावर किलोभराचे डंबेल हलवायला लावणे म्हणजे ताकदीचा व्यायाम नव्हे, मग त्याचे नाव काहीही असो. ईर्ष्येपोटी झेपत नसलेले वजन चढवणे आणि त्याचे रील काढणे हाही गटाचाच प्रताप असतो. त्याहून गंभीर म्हणजे औषधांचे सल्ले गटातच फिरतात. शस्त्रक्रियेच्या वेळी खाली आलेला रक्तदाब वर आणण्यासाठी वापरले जाणारे मेफेंटरमाइनचे इंजेक्शन व्यायामाआधी टोचून घेण्याचे प्रकार राज्यात पोलीस आणि अन्न व औषध प्रशासनाच्या कारवायांतून उघड झालेले आहेत. गट कोणाचे ऐकतो हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो आणि त्यासाठी प्रशिक्षित, पगारी शिक्षक हवा. अनेक खासगी जिममध्ये ट्रेनरची खरी कमाई पर्सनल ट्रेनिंगवर होते, त्यामुळे सदस्यांनी एकमेकांना सांभाळून घ्यावे यात कोणाचा फायदा नसतो. सार्वजनिक व्यायामशाळेला ही अडचण नाही.

आपल्याकडे तालमीत एकट्याने व्यायाम करण्याची रीत कधी नव्हतीच. वस्ताद असे, जोड असे आणि जोर-बैठकांची मोजणी मोठ्याने होई. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून हेच सामूहिक स्वरूप जपत १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. ठाण्यातही कबड्डीची परंपरा सांभाळणारी मावळी मंडळासारखी मंडळे आहेत. त्या जुन्या तालमींत बायकांना जागा नव्हती, ती उणीव मात्र आता भरून काढावी लागेल.

महापालिकेने बांधलेल्या व्यायामशाळा चालवायला देताना काही तास अशा बॅचसाठी राखून ठेवण्याची अट करारातच घालता येईल. एका बॅचमध्ये आठांहून अधिक सदस्य नसावेत, आणि रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा मणक्याचा त्रास असलेल्यांना डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय प्रवेश देऊ नये. सुरुवात एका प्रभागातील एकाच व्यायामशाळेपासून केली तरी चालेल. सकाळी नऊनंतरची वेळ ज्येष्ठांना आणि दुपारी तीन ते पाच महिलांना देऊन सहा महिन्यांची उपस्थिती आणि उचललेल्या वजनांच्या नोंदी महापालिकेने प्रसिद्ध कराव्यात. पुढच्या अंदाजपत्रकात यंत्रांसाठी किती आणि प्रशिक्षकांच्या पगारासाठी किती तरतूद करायची, हे त्या नोंदी समोर ठेवून ठरवता येईल.

आपली,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (पश्चिम)