कामेइदोचा पक्षी परत पाठवते आहे

चिऊ,
अनेक आशीर्वाद.

काल आत्याच्या फोनवरून कळलं, तू तीन दिवस दवाखान्यात होतीस. न्युमोनिया. आणि मला मात्र रोज रात्री 'बरी आहे, जेवले' म्हणून लिहीत होतीस. रागवायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसले आहे.

मागच्या जानेवारीत टोकियोतल्या कामेइदो तेन्जिनच्या देवळात रांग लावून घेतलेला लाकडी पक्षी देवघरात बाळकृष्णाशेजारी आहे. हिनोकीच्या लाकडाचा, तिथले पुजारी स्वतः कोरतात तो. तूच सांगितलंस, पक्ष्याचं नाव उसो, आणि जपानीत उसो म्हणजे खोटंसुद्धा. सरल्या वर्षी जे वाईट झालं ते खोटं ठरावं म्हणून जुना पक्षी देऊन नवा घ्यायचा. 1820 पासूनची रीत. मला फार पटली होती. पण खोटं आजारपण ठरवायचं गं, आईला काय सांगायचं ते नव्हे.

बघ, लागलेच बोलायला. राहू दे.

त्या लाल कमानी पुलावर तू माझा हात धरला होतास. तिथल्या माणसांशी भराभर जपानीत बोलत होतीस आणि मी नुसती बघत होते. घरी आल्यावर नानांना चारदा सांगितलं. तू दोनदा वाकून दोन टाळ्या वाजवल्यास, मी आपले हात जोडले. बैलाच्या मूर्तीला हात लावला की दुखणं जातं म्हणालीस, तेव्हा नंदीला लावतो तसा लावला, गुडघ्यासाठी. तुझ्यासाठी लावायला हवा होता.

मुलं परीक्षेच्या पाट्या टांगत होती, विद्येचा देव म्हणून. माझ्या मनात राहिला तो मिचिझाने, पुढे हाच विद्येचा देव झालेला विद्वान, 901 साली खोट्या आळापायी क्योतोहून दझाइफूला धाडलेला. दोन वर्षांत तिथेच गेला, घरापासून इतक्या लांब. त्याच्या अंगणातलं उमेचं, म्हणजे जपानी प्लमचं, झाड म्हणे एका रात्रीत उडत त्याच्यापाशी पोचलं. झाडाला कळलं, चिऊ. मला आत्याकडून कळलं.

पुन्हा तेच. माफ कर.

पक्षी पार्सलने पाठवते आहे, सोबत मेतकूट आहे, मऊ भातावर घे. 24 नाहीतर 25 जानेवारीला जाऊन बदलून आण. थंडी फार असली तर रांगेत उभी राहू नकोस, मैत्रिणीला पाठव. ताप आला तर रात्री दोन वाजता असला तरी फोन कर. मी जागीच असते.

तुझी
आई