भाऊबीजेच्या दुपारी मला झोप का लागली

पुणे, ५ डिसेंबर

ती. आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

भाऊबीजेला ताई निरांजन लावलेले ताट घेऊन समोर उभी होती आणि पाटावर बसल्या जागी माझा डोळा लागला. तिने दोनदा हाक मारली, तेव्हा कुठे मी भानावर आलो. आई, तू त्या वेळी काही बोलली नाहीस, पण रात्री पान वाढताना "एवढी कसली रे जागरणे करतोस?" असे विचारलेस आणि मी कामाचे निमित्त पुढे केले. ते खरे नव्हते, आणि तेव्हापासून ते मनाला लागून राहिले आहे.

ऑगस्टपासून मी स्लीप अ‍ॅप्नियावर उपचार घेत आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून हवेची वाट मिटते, श्वास दहा सेकंद किंवा त्याहूनही अधिक काळ अडतो आणि मग मेंदू क्षणभर जागा होऊन तो पुन्हा सुरू करतो. हे झोपणाऱ्याला सकाळी आठवतही नाही. तपासणीत माझा श्वास तासाला ३८ वेळा अडत असल्याचे दिसले. तीसच्या वर गेले की डॉक्टर त्याला तीव्र म्हणतात. आठ तास अंथरुणात काढूनही मी खरा झोपत नव्हतो, एवढाच त्याचा अर्थ.

रात्री मी मास्क लावून सीपॅप यंत्रावर झोपतो. बाबा, तुम्ही पहिल्यांदा विचाराल की हे ऑक्सिजनचे यंत्र आहे का. तसे नाही. ते खोलीतलीच हवा ठरावीक दाबाने आत सोडते आणि त्या दाबामुळे घशातली वाट उघडी राहते. मात्र ते लावाल तेवढ्या वेळापुरतेच काम करते. दिवाळीत तुम्हांला कळू नये म्हणून मी ते पुण्यातच ठेवून आलो होतो, आणि यंत्राविना दोन रात्री काढल्यावर तिसऱ्या दिवशी काय झाले ते तुम्ही पाहिलेच.

यंत्र आणले की दुसऱ्या दिवसापासून टवटवीत वाटेल, अशी माझी समजूत होती. ती खोटी ठरली. पहिले दोन महिने मी पहाटे तीनच्या सुमारास नकळत मास्क काढून टाकत असे. चार-पाच तास तर लावला, असे म्हणून मी समाधान मानत असे. पण डॉक्टरांनी यंत्रातली नोंद उघडून दाखवली आणि समजावले की स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धातच जास्त असते, पुष्कळ जणांचा श्वासही त्याच झोपेत अधिक अडतो, आणि नेमके तेच तास मी उघड्यावर टाकत होतो. शिवाय तोंड उघडे पडून हवा गळत होती, त्यामुळे सकाळी घशाला कोरड पडायची. आता नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क घेतला आहे आणि साडेसहा-सात तास तो टिकतो. दिवसाची झोप मोजण्यासाठी आठ प्रश्नांची एक प्रश्नावली असते: वाचताना, बसमध्ये, जेवणानंतर शांत बसल्यावर डुलकी लागण्याचा संभव किती, असे प्रश्न. चोवीसपैकी दहाच्या वर गुण गेले की झोप प्रमाणाबाहेर समजतात. माझे १७ होते, आता १२ आहेत. म्हणजे उतार आहे, पण दुपार अजून जड जाते.

ती दुपार मी अशी काढतो. जेवणानंतर गजर लावून वीस मिनिटे पडतो, तेही मास्क लावूनच, कारण त्याहून लांबलेली झोप रात्रीच्या झोपेवर उठते. तीननंतर चहा घेत नाही. चहाचा अंमल पाच-सहा तासांनीही निम्मा उरलेला असतो. सर्दीची गोळी विचारल्याशिवाय घेत नाही, कारण त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून झाले, दोन्ही ठीक आहेत. उपचार नीट चालूनही काहींची झोप पूर्ण हटत नाही आणि त्यांना जागे ठेवणारे औषध देतात. पण ते यंत्राच्या जागी नव्हे, यंत्राच्या जोडीला. माझ्यावर ती वेळ आली तर मी घेईन. त्यात लपवण्यासारखे काही नाही, हे मला उशिरा उमगले.

बाबा, गाडी दारात असताना एसटीने का आलास, असे तुम्ही विचारले होते. जुलैत तुमच्याकडे येताना चंदनापुरी घाटाच्या अलीकडे गाडीचे डावे चाक रस्ता सोडून मुरुमावर उतरले आणि त्या खरखरीने मला जाग आली. मागच्या सीटवर चिनू झोपली होती. डॉक्टर सांगत नाहीत तोवर मी लांबच्या रस्त्यावर गाडी चालवणार नाही.

आता तुमच्याविषयी. बाबा, तुमचे घोरणे मला लहानपणापासून ठाऊक आहे. रक्तदाबाच्या तीन गोळ्या घेऊनही तुमचा दाब आटोक्यात येत नाही आणि सकाळी पेपर हातात असतानाच तुमची मान कलते. वयाचे आहे, असे म्हणून आपण सगळ्यांनीच ते सोडून दिले. पण हट्टी रक्तदाबामागे हा आजार पुष्कळदा सापडतो, आणि घराण्यात असला तर शक्यता वाढते. एक रात्र तपासणीला द्याल का? मी सोबत येईन.

जानेवारीत येईन तो बसने आणि यंत्र घेऊन. माजघरातल्या खाटेजवळचा प्लग चालतो का, तेवढे पाहून ठेवा.

आई, रात्री जाग आली तर बाबांचे घोरणे मध्येच एकदम थांबते का आणि मग दचकल्यासारखा मोठा श्वास येतो का, याकडे लक्ष दे आणि मला फोन करून कळव.

तुमचा
बाळ