कमलाबाई सोहोनी यांच्या संशोधनाविषयी आई-बाबांना पत्र

रत्नागिरी

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आई, महिला दिनाला चौलच्या वाचनालयात तू डॉ. कमला सोहोनी यांच्यावर बोलणार आहेस हे बाबांनी सांगितले, तेव्हा मला फार आनंद झाला. जे जीवरसायनशास्त्र मी रोज वर्गात शिकवते, त्यातले आपल्या भाषेतले सर्वांत मोठे नाव तू निवडलेस. तू मागितलेली माहिती फोनवर धड सांगता येण्याजोगी नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तुझ्या डोळ्यांना अजून ताण द्यायचा नाही, तेव्हा बाबांनी हे पत्र वाचून दाखवावे आणि तू फक्त ऐकावेस.

एक विनंती आधीच करते. कमलाबाईंची एक गोष्ट सगळ्यांना पाठ असते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. होऊन त्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे तेव्हाच्या लोकांच्या तोंडी असलेल्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी त्या मुलगी आहेत म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत आणि अखेर अटी घालून त्यांना वर्षभरासाठी घेण्यात आले. ही हकीकत सांगायलाच हवी, पण ती दोन मिनिटांत आटप. दाराशी अडवलेली मुलगी एवढीच त्यांची ओळख उरली, तर दाराच्या आत जाऊन त्यांनी काय केले ते कोणाला कळणारच नाही. त्यांच्यावर खरा अन्याय तो होईल असे मला मनापासून वाटते.

तू दुर्गाबाई भागवतांच्या निष्ठावंत वाचकांपैकी, त्यामुळे कमलाबाई त्यांच्या धाकट्या भगिनी हे तुला ठाऊक असेलच. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही त्याच बंगळुरूच्या संस्थेत शिकलेले रसायनतज्ज्ञ होते, म्हणजे प्रयोगशाळेचे वारे घरातच होते. तेथे कमलाबाईंना श्रीनिवासय्या हे गुरू लाभले आणि त्यांच्या हाताखाली दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम सुरू झाले. या गुरुशिष्यांचा कडधान्यांतील प्रथिनेतर नायट्रोजनावरचा लेख १९३५ साली इंग्लंडच्या ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये छापून आला. डाळीत प्रथिने किती आहेत हे काढताना तीमधला नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणण्याची रीत आहे. परंतु सगळाच नायट्रोजन प्रथिनांचा नसतो. काही सुट्या अमिनो आम्लांचा आणि इतर संयुगांचाही असतो. ज्या देशात बहुसंख्य लोकांची प्रथिनांची गरज डाळीवरच भागते, तेथे हा हिशेब चोख असणे किती महत्त्वाचे आहे हे तूच तुझ्या शब्दांत सांगू शकशील.

एम. एस्सी. झाल्यावर त्या केंब्रिजला गेल्या. तेथे डेरेक रिश्टर आणि ह्यूगो ब्लॅश्को यांच्यासह त्यांनी १९३९ साली अमाइन ऑक्सिडेज या विकरावर, म्हणजे पेशीतली रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या एन्झाइमवर, लेख प्रसिद्ध केला. हेच विकर पुढे मोनोअमाइन ऑक्सिडेज म्हणून ओळखले गेले. नैराश्यावरची जी पहिली औषधे १९५० च्या दशकात आली, त्यांतली काही याच विकराला रोखून काम करतात. तुझ्या श्रोत्यांसाठी एवढे पुरे.

त्यांच्या पीएच.डी.चा विषय मात्र निवांतपणे सांग, कारण त्याचा नायक बटाटा आहे. चिरलेला बटाटा पाण्यात न टाकता तसाच ठेवला की काळा पडतो हे प्रत्येकीने पाहिलेले असते. हवेतल्या ऑक्सिजनशी बटाट्यातल्या फेनॉल नावाच्या संयुगांचा संयोग घडवून आणणारे एक विकर हे करते आणि वनस्पतीचे श्वसनही त्याच विकरावर चालत असावे, असे त्या काळी काही संशोधकांना वाटत होते. प्राण्यांच्या आणि यीस्टच्या पेशींत श्वसनाची वेगळी यंत्रणा असते, हे केंब्रिजमध्येच डेव्हिड कायलिन यांनी १९२५ पासून दाखवून दिले होते. त्या यंत्रणेत सायटोक्रोम नावाची लोहयुक्त प्रथिने असतात. विहिरीपासून आगीपर्यंत माणसे ओळीने उभी राहून हातोहात बादल्या पुढे देतात, तसे ही प्रथिने अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एकमेकांकडे सोपवत शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोचवतात. रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंनी बटाट्यावर आणि इतर वनस्पतींवर काम केले आणि सायटोक्रोम सी तसेच त्याच्यावर काम करणारे सायटोक्रोम ऑक्सिडेज वनस्पतींच्या पेशींतही असते असे दाखवले. हे काम दिसते तितके सरळ नसते. वनस्पतीची पेशी फोडली की तिच्यातली आम्ले आणि फेनॉल मोकळी होऊन ज्या विकराचा शोध घ्यायचा त्यालाच बिघडवतात. हिल आणि कमलाबाई (तेव्हाच्या भागवत) यांचे टिपण १९३९ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले आणि प्रबंधही त्याच वर्षी मान्य झाला. तो प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता असे सांगतात. शेतावरचा बैल, माडाची झावळी आणि आपण स्वतः पेशीच्या पातळीवर श्वास घेतो तो मुळात एकाच रीतीने, हे समजायला त्या कामाची मदत झाली. मी हा भाग शिकवते तेव्हा दरवर्षी माझा मलाच नव्याने आनंद होतो.

येथे एक सावधगिरी बाळग. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असे त्यांच्याबद्दल सर्रास म्हटले जाते. परंतु वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना १९३१ सालीच अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने डी. एस्सी. दिली होती. जीवरसायनशास्त्रातल्या आपल्या अग्रणी संशोधिका, एवढेच म्हटलेस तरी कमलाबाईंचे मोठेपण तिळभरही कमी होत नाही.

दुसरी गोष्ट नावाची. लग्नापूर्वीचे त्यांचे लेख ‘के. भागवत’ या नावाने आहेत आणि मुंबईतले ‘के. सोहोनी’ या नावाने. त्यामुळे जुनी नियतकालिके चाळणाऱ्याला या दोन वेगळ्या बाई वाटण्याचा संभव आहे. त्यातही १९४७ साली लग्न झाल्यावर, १९५१ मध्ये, हिल यांच्यासह वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचा सविस्तर लेख आला तो भागवत याच नावाने. एका बाईचे आयुष्यभराचे काम दोन आडनावांत विभागले जाते, हे आपल्या मंडळातल्या मुलींनी जरूर ऐकावे.

परत आल्यावर त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभाग सांभाळला, नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केले आणि लग्नानंतर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. त्यांची मुंबईतली वर्षे मला सर्वांत जवळची वाटतात, कारण ती आपल्या स्वयंपाकघरात येऊन पोचतात. १९५४-५५ च्या सुमारास त्यांनी विद्यार्थ्यांसह भारतीय भाज्या आणि कडधान्ये यांतील ट्रिप्सिन-रोधकांवर लेख प्रसिद्ध केले. ट्रिप्सिन हे प्रथिने पचवणारे, स्वादुपिंडातून येणारे विकर आहे. अनेक कडधान्यांत त्याला अडवणारी प्रथिने असतात आणि ती कच्ची खाल्ली तर डाळीतली प्रथिने अंगी लागत नाहीत. वालातला असा रोधक वेगळा काढून शुद्ध करण्याचे कामही त्यांच्या प्रयोगशाळेत झाले.

आई, तू कडवे वाल रात्री भिजत घालतेस, फडक्यात बांधून मोड आणतेस, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलतेस आणि मग नारळ, आमसूल व गूळ घालून बिरडे मऊ शिजवतेस. भिजवण्याने आणि मोड आणण्याने या रोधकांचा जोर काहीसा कमी होतो आणि पाण्यात नीट शिजल्यावर ते बऱ्याच अंशी निकामी होतात. सासूकडून सुनेकडे आलेल्या या रीतीमागे कोणते रसायन आहे, हे कमलाबाईंच्या पिढीने मोजून दाखवले. तुझ्या भाषणात हा भाग तुझ्याइतका चांगला दुसरे कोणीही सांगू शकणार नाही.

बाबा, तुमच्यासाठी निरेचा विषय आहे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी निरेचे पोषणमूल्य तपासले आणि तिच्यात अ व क जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे नोंदवले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. माडाच्या पोयीतून, म्हणजे फुलोऱ्यातून, निघालेला रस उन्हे चढल्यावर कसा आंबू लागतो आणि मडक्याला आतून चुना फासला की निरा कशी टिकते, हे तुम्ही वाडीत पाहिलेले आहे. आईच्या नंतर पाच मिनिटे उभे राहून तेवढे तुम्ही सांगावे, अशी माझी फार इच्छा आहे.

उत्तरायुष्यात, १९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या ग्राहक मार्गदर्शक संस्थेच्या कामात त्या रमल्या आणि १९९८ साली वारल्या. भेसळ ओळखण्याच्या सोप्या चाचण्या गृहिणींपर्यंत न्याव्यात, हे त्या कामाचे एक अंग होते. त्यावरून सुचले ते सांगते. थोडे दूध उकळून थंड कर आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाक. दुधात पिठाची भेसळ असेल तर ते निळे होते. एका पेल्यात साधे दूध आणि दुसऱ्यात चिमूटभर तांदळाचे पीठ उकळून घातलेले दूध ठेवलेस, तर मागच्या रांगेतल्या बायकांनाही फरक दिसेल. ही चाचणी कमलाबाईंनी शोधलेली नव्हे, तेवढे मात्र स्पष्ट सांग. आयोडीन बाबांनी औषधाच्या दुकानातून आणावे. दुधाचे पेले स्टीलचे नकोत, काचेचे घ्या.

कळावे,
तुमची,
वृंदा