पत्रिका जुळली नाही

इंदोरा, नागपूर
11 मे

प्रिय बाल्या,
सप्रेम जयभीम.

परवा फोनवर तू विचारलंस, जमलेलं लग्न काहून मोडलं, आणि मी म्हणालो, पत्रिका जुळली नाही. तू हसतच सुटलास. "आपण कधीपासून पत्रिका पाहून राहिलो बे?" खरं आहे. 1956 ला आजोबांनी दीक्षाभूमीवर जे जे सोडलं, त्यात पत्रिकाही गेली. आई शेजारीच बसली होती आणि घाईत दुसरं खोटं सुचलं नाही. म्हणून हे पत्र.

गुड्डीला सिकलसेल आहे. एसएस पॅटर्न, म्हणजे आई आणि बाबा दोघांकडूनही आलेला. तुला आम्ही संधिवात सांगितला होता. शाळेत, कॉलनीत, सगळीकडे तेच. दहावीच्या सुट्टीत तू तिच्यासाठी कुल्फी घेऊन आलास आणि आईनं ती दारातूनच घेऊन तुला परत पाठवलं, आठवतं? आत ती उशी दातात धरून पडली होती. आई-बाबा दोघंही एएस, म्हणजे वाहक. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला चारात एक शक्यता असते. ती तिच्या वाट्याला आली. मी एएसवर सुटलो. मला काही होत नाही, फक्त तसं लिहिलेलं एक कार्ड आहे, ते आईच्या स्टीलच्या डब्यात रेशनकार्डाच्या खाली असतं.

आजार तसा एवढासाच. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं. (सटवाईही सहाव्या रात्रीच लिहायची म्हणे. तिला आपण हाकलली, पण ही लिहून गेली होती.) तेवढ्यानं रक्तातली गोल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नळ्यांत अडकते, आणि अडकते तिथलं हाड ठणकतं. साधी तांबडी पेशी 120 दिवस जगते, हिच्या पेशी दहा-वीस दिवसांत फुटतात. म्हणून डोळे पिवळे. लहानपणी आम्ही तिला वर्षभर काविळीचा झाडपाला पाजला. अंगातलं पाणी कमी झालं की क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा झटका, येतो, आणि नागपूरचा मे महिना तुला माहीतच आहे.

पण दुखण्यापेक्षा दुखतं हे पटवणं अवघड. मागच्या दिवाळीत रात्री दोनला तिला एका दवाखान्यात नेलं. तिनं इंजेक्शनचं नाव आणि डोस दोन्ही सांगितलं. वीस वर्षं घेऊन राहिली, तिला माहीत नसणार? ड्युटीवरचा पोरगा डॉक्टर सिस्टरला म्हणाला, "हिला सवय लागलेली दिसते." सकाळपर्यंत पॅरासिटामॉलवर ठेवली. तेव्हापासून ती औषधाचं नाव घेत नाही. रडतेही मोजून. कमी रडली तर दुखत नाही, जास्त रडली तर नाटक. दिव्यांगांच्या 2016 च्या कायद्यात सिकलसेल आलं, तरी प्रमाणपत्रासाठी अर्ज करायला तिनं तीन वर्षं घेतली. म्हणाली, एकदा कागदावर आलं की परत पुसता येत नाही.

डॉक्टरला तरी काय बोलू! ज्या लायनस पॉलिंग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1949 मध्ये दाखवलं की या आजाराचं मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, त्याच माणसानं 1968 मध्ये लिहिलं की वाहकांच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमातच पडणार नाहीत. दोन नोबेल मिळालेला माणूस! शांततेचंही त्यात एक. आणि ग्रीसमध्ये ऑर्कोमेनोस नावाच्या गावी लोकांची तपासणी करून कोण वाहक ते सांगितलं, तर वाहकांना लग्नाच्या बाजारात कमी लेखू लागले आणि काहींनी लपवूनच लग्नं केली. हे वाचलं तेव्हा मला आईचा डबा आठवला.

आता माझं. स्थळ चांगलं होतं, पोरगी लायब्ररीत नोकरीला. पाहुणे आमच्याकडे घर पाहायला येणार त्या दिवशी आईनं सकाळीच गुड्डीला कामठीला आत्याकडे पाठवलं. आत्याचे पाय दुखतात, दोन दिवस मदत कर म्हणून. स्टँडवर सोडायला मीच गेलो, बाल्या. तिची बॅगही मीच उचलली.

साखरपुड्यानंतर मला राहवलं नाही. फुटाळा तलावावर बसून मुलीला सगळं सांगितलं, माझं कार्डही आणि गुड्डीही. ती शांतपणे म्हणाली, "मग मी माझी तपासणी करून घेते, त्यात काय?" तेवढंच होतं. तिचा रिपोर्ट एए, म्हणजे वाहकही नाही असा, आला असता तर आमच्या एकाही पोराला हा आजार झाला नसता; फार तर माझ्यासारखे वाहक. पण तिच्या वडिलांनी तपासणी करू दिली नाही. "आमच्या घराण्यात असलं काही नाही." त्यांच्या घराण्यात आजवर कोणी तपासलेलं नाही, हे मात्र कोणाला विचारायचं? सरकारनं 2023 मध्ये मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेलची मोहीम सुरू केली, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांना तपासायचं म्हणून. सुई टोचायला बोट तर पुढे आलं पाहिजे.

त्यांच्या अज्ञानाचा राग मला आठवडाभर पुरला. मग मध्यस्थानं त्यांचा खरा निरोप सांगितला: "आजाराचं पाहून घेतलं असतं. पण यांनी घरची पोरगी लपवली, अजून काय काय लपवलं असेल?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. आईला हे सांगितलेलं नाही. तिनं डबा उचलून आता वरच्या फळीवर ठेवलाय.

तुझं आणि वहिनीचं पॅटर्न पाहिलंय का? चिडू नको. आपल्या भागात हे बरंच आहे, आणि कुणबी-तेल्यांच्या घरीही सापडतं, कोण्या एका जातीचं नाही. आधी सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे रक्ताची साधी तपासणी, त्यात काही निघालं तर पक्कं पॅटर्न सांगणारी इलेक्ट्रोफोरेसिस. दुसरं लेकरू होण्याआधी करून घ्या.

गुड्डी बरी आहे. हायड्रॉक्सीयुरिया नावाचं औषध सुरू केल्यापासून क्रायसिस कमी झालेत. लग्न का मोडलं ते तिला कोणी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. फक्त काल आई म्हणाली, आत्याची तब्येत ठीक नाही, चार दिवस कामठीला जाऊन ये. तर पोळी लाटता लाटता म्हणते,

"काहून, कोण पाहुणे येऊन राहिले?"

तुझा,
दादू