डावीकडून आलेला चेंडू

सोलापूर

प्रिय बंड्या,

पत्र नाही म्हणून फोनवर घातलेल्या शिव्या पोचल्या. गुडघे तसेच, साखर आटोक्यात.

परवा पहाटे पार्क मैदानावर फेरी मारत होतो. पोरं टेनिस बॉलनं खेळत होती. 'आजोबा, बॉल!' असं ऐकू आलं, तोवर खांद्यावर बसलासुद्धा. लागलं काही नाही. पण चेंडू मला दिसलाच नाही रे. स्लिपमध्ये मी काय काय उचललंय, ते आता तुझ्याशिवाय कोणाला सांगू? (त्या रनआउटचं परत काढू नकोस. तेव्हा डोळे ठणठणीत होते, तूच पळाला नाहीस.)

तपासलं तर काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, समोरचा पेपर झकास वाचता येतो आणि कडेची नजर गुपचूप निघून जाते. गेलेली परत येत नाही. उरलेली टिकावी म्हणून डोळ्यातला दाब उतरवायला रोज रात्री थेंब.

थेंबांचं काही नाही. चिरंजीव म्हणतात, बाहेर फिरणं बंद, गच्चीवर फिरा. उन्हाळ्यात आपल्या सोलापूरची गच्ची म्हणजे तापलेला तवा! उलट डॉक्टर म्हणतात, भराभर चाला, डोळ्यातला दाब थोडा उतरतो. फक्त शीर्षासन नको आणि श्वास कोंडून जड उचलणं नको, त्यानं दाब चढतो. पायरी उतरताना दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून पाऊल धुरकट दिसतं, म्हणून चालायला फक्त लांबचा चष्मा वेगळा करून दिलाय.

नातीनं अमेरिकेतल्या बीव्हर डॅम गावचा अभ्यास वाचून दाखवला. १९८८पासून तिथल्या लोकांचे डोळे तपासले. २० वर्षांत बैठ्या लोकांपैकी ६.७ टक्क्यांची नजर अधू झाली, हिंडत्याफिरत्यांपैकी २ टक्क्यांची. अधूनमधून घेणाऱ्यांचेही डोळे बरे निघाले म्हणे, हे वहिनींना वाचून दाखवू नकोस. मला मात्र शंका आहेच. बसून राहिल्यानं नजर जाते, की नजर जायला लागली म्हणून माणूस बसतो? माझंच बघ. त्या दिवसापासून मैदानाच्या फाटकाशी पाय अडखळतो. पोरगा नको म्हणतो ते एक निमित्त झालं, खरी भीती माझीच आहे, आणि ती त्याला कळू द्यायची नाहीये.

तुझ्या धाकट्याचं लग्न ठरलं का? पुण्याचं पाणी मानवतंय ना? शेंगाचटणी पाठवतोय, सगळी एकटा खाऊ नकोस. आणि ते शीर्षासन करून फोटो पाठवणं थांबव बे! आधी डोळ्यातला दाब मोजून घे आणि आकडा मला कळव.

तुझा,
नाना